सुपारीआधी चार दात

आईच्या दहाव्याला चौकात तिचा फ्लेक्स लागला. फ्लेक्सवर आईचं तोंड मिटलेलं होतं.

आईचं तोंड मिटत नसे. मिटायचं तर तिला हनुवटीला जोर द्यावा लागायचा, आणि मग हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या पडायच्या. वरचे दात पुढे होते. भांगलताना, गिरणीसमोर उभी असताना, दवाखान्याच्या खाटेवर नळ्या लावलेल्या असताना ते दिसायचे. शेवटचा श्वास गेला तेव्हाही दिसत होते. नर्सनं पट्टीनं जबडा बांधायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

नदीवरून दहावा उरकून आम्ही अंथुर्ण्याला परत आलो, तर चौकात एक बाई ओठ मिटून आमच्याकडे बघत होती. पदर आईचा. कुंकू आईचं. डोळे आईचे. नाकाखाली दुसरंच कुणीतरी.

आईचा उघड्या तोंडाचा एकही फोटो नव्हता. ओळखपत्राचा फोटो काढणारा म्हणायचा, "आक्का, तोंड मिटा." लग्नाकार्यात ती पदर दातांत धरून उभी राहायची. तसलाच एक पदरवाला फोटो माझ्या चुलत्यांनी, तात्यांनी, इंदापूरच्या स्टुडिओत दिला होता. पदराखालचं तोंड स्टुडिओवाल्यानं भरून काढलं.

"कुणाचे ओठ आहेत ते?" मी तात्यांना विचारलं.

"आता त्ये काय इचारायचं? हुतं त्येच्या कंप्यूटरात कुठल्या तरी बाईचं."

"तुम्ही सांगितलंत लावायला?"

"म्याच सांगितलं. पावनं येत्यात, जात्यात. आई बघून लेक ठरवत्यात. तुझं व्हायचंय अजून."

शेजारची एक बाई फ्लेक्सकडे बघत दुसरीला म्हणाली, "आक्का काय देखणी दिसतीया गं. मेल्यावर का हुईना."

मी फ्लेक्सवरच्या त्या ओठांकडे बघत राहिले. माझ्या आईच्या चेहऱ्यावर त्या अनोळखी बाईचं तोंड चिकटवलं होतं, आणि सगळं गाव त्याला नमस्कार करून जात होतं. नंतर वाऱ्यानं एक दोरी तुटली. कुणीतरी फ्लेक्स काढून नेला आणि पावसाचं पाणी लागू नये म्हणून कडब्यावर टाकला.

मी आईवर गेले आहे. दात तेच. वरचा ओठ तोच, थोडा जाड, थोडा वर. फरक एवढाच की माझे ओठ मिटतात. जोर न लावता मिटतात. आई मला लहानपणी मांडीवर घेऊन बोटानं माझे ओठ मिटवून बघायची आणि म्हणायची, "तुझं मिटतंय बघ. तुझं बरं हुईल." तिला एवढंच सुख होतं.

शाळेत मला फावडं म्हणायचे. मुलं म्हणायची, ही कुंपणाच्या जाळीतनं कणीस खाईल. गणिताचे मास्तर एकदा म्हणाले, "पुढच्या बाकावर बसू नकोस, फळ्याला दात लागतील." वर्ग हसला. मास्तर त्या हसण्यावर खूष झाले, म्हणून त्यांनी तेच वाक्य पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हटलं. तेव्हापासून मी मागं बसून वाचायला शिकले. वाचताना तोंड लागत नाही.

आईला मात्र मार बसला. माझ्या देखत बसला. एका हळदीला बायका गाणी म्हणत होत्या, आणि कुणीतरी आडवा उखाणा घेतला, आणि आई हसली. सगळे दात दिसतील अशी हसली. माझ्या वडिलांना, म्हणजे आण्णांना, पाहुण्यांपैकी कुणीतरी काहीतरी बोललं. आण्णा घरी येईपर्यंत गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी पाण्यानं भरलेला तांब्या उचलला आणि आईच्या तोंडावर मारला. पाणी आणि रक्त एकदमच सांडलं. आई खाली बसली. तिनं पदराचा बोळा करून ओठावर दाबला, मग उठून चूल पेटवली. भाकरी थापताना परातीत लाल थेंब पडत होते. तेवढं पीठ ती बोटानं उचलून बाजूला टाकत होती. त्या दिवसापासून ती पदर दातांत धरू लागली.

आण्णा वाईट माणूस होते असं मी लिहिलं तर गावात कुणाला पटणार नाही. आमच्या आजोबांची मेंढरं होती. आण्णांनी ती मोडली, थोडी जमीन घेतली आणि बाजारात मेंढरांची दलाली धरली. चार गावचे लोक त्यांना बोलावून नेत. मेंढरू घ्यायचं तर वय कळायला त्याचे दात बघतात. एका हातानं जबडा धरायचा, अंगठा ओठाच्या फटीत घालायचा, ओठ वर करायचा. दोन दाती, चार दाती, किंवा सगळे दात आलेलं, म्हणजे जुळलेलं. अंगठा आत गेला की मेंढरू आधी धडपडतं, मग गप्प होतं. आण्णा बघायचे आणि एका शब्दात सांगायचे. त्यांचा शब्द कुणी खोडत नसे.

आमच्यात आई किंवा बाप गेला की त्या घरचं लग्न वर्षाच्या आत करतात. वर्ष ओलांडलं तर पुढं तीन वर्षं करत नाहीत. मी इंदापूरला एका वाचनालयात काम करत होते, वय वाढत होतं, आणि आई गेली होती. म्हणजे वर्ष सुरू झालं होतं. तात्या आणि आण्णा माझ्यामागं लागले. मला आईसाठी रडायचं होतं आणि हे लोक रोज एक स्थळ आणत होते.

पणदऱ्याकडचं स्थळ आलं तेव्हा घरात सगळे ताठ बसले. आमच्यातलेच, पण बागायतदार. ऊस, गोठा, बारामतीत गाळे. मुलाचे मामा कुठल्याशा संस्थेचे चेअरमन. त्यांची गाडी आमच्या बोळात शिरेना, तर तात्यांनी शेजाऱ्याच्या परसाचं कुंपण उपटलं.

मुलगा एका कोपऱ्यात बसून मोबाईल बघत होता. बोलत होती त्याची आई आणि मामा. मी चहा घेऊन गेले. मामा कप न घेता माझ्याकडे बघत राहिले. मग आण्णांकडे वळून म्हणाले, "दाजी, तुमी तर बाजारातलं जाणकार. मेंढरू घेताना दात बघता का न्हाय?"

"बघावंच लागतंय," आण्णा म्हणाले.

"मग आमीबी बघणार की."

सगळे हसले. आण्णाही हसले. मी आण्णांना हसताना पाहिलं. मामांनी हात पुढं केला, दोन बोटांनी माझी हनुवटी धरली आणि दिव्याकडे वळवली. अंगठा ओठाजवळ आला, पण लागला नाही. एवढंच झालं. मग त्यांनी चहा घेतला.

मुलाची आई तोंडाची गोड होती. ती म्हणाली, "पोरगी शिकलेली हाय, उंच हाय, कामाची हाय. आमचं काय म्हणणं न्हाय. तेवढं तोंडाचं बघा. आजकाल हुतंय की. माझ्या पुतणीचं केलं बारामतीत. चार दात काढलं, तार लावली, तोंड कसं आत गेलं बघा."

तिनं मोबाईलवर फोटो दाखवले. आधीचा आणि नंतरचा. पुतणी खरंच बदलली होती. आधीच्या फोटोत तिचे ओठ मिटत नव्हते, माझ्या आईसारखे. नंतरच्या फोटोत मिटले होते, आणि मुलगी खुशीत दिसत होती. मला तिचं वाईट वाटलं नाही. मला आईचं वाटलं. आईला कुणी बारामतीला नेलं असतं तर.

"तारेला किती दिवस लागतात?" तात्यांनी विचारलं.

"दीडदोन वरीस," मुलाची आई म्हणाली.

"वरीस तर आमचं संपत आलंय, ताई."

तेव्हा मामांनी तोड काढली. "तार लग्नानंतर लावू. आमच्या घरी येऊनच लावंल ती. दात तेवढं आधी काढा. दात काढलं की सुपारी फोडू."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांना विसार हवा होता. शब्द फिरतो, साडीचोळी परत करता येते, दात परत बसवता येत नाही. चार दात गेलेली मुलगी दुसऱ्या कुठं दाखवणार?

तात्या चाचरत म्हणाले, "पर लग्नात फटी दिसतील की."

"गालाकडचं दात असत्यात ते," मुलाची आई म्हणाली. "हसली न्हाय तर दिसत न्हाईत. अन् नव्या नवरीनं हसायचं कशाला?"

आण्णांनी माझ्याकडे न बघता मान हलवली. जशी बाजारात हलवायचे.

मी नको म्हटलं. स्वयंपाकघरात, हळू आवाजात. आण्णांनी हातातली स्टीलची ताटली फेकली. ती माझ्या कानाला लागून गेली आणि भिंतीवर आपटून किती तरी वेळ फरशीवर फिरत राहिली. "तुझ्या आयशीला घेऊन मी जलमभर लोकांची बोलणी खाल्ली," ते म्हणाले. "तुझ्यापायी खानार न्हाय." तात्या म्हणाले, "पोरी, चार दातांनी काय हुतंय. बत्तीस हायत की."

बारामतीच्या त्या दवाखान्याचा गाळा मामांच्याच मालकीचा होता. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं माझे फोटो काढले. समोरून, हसताना, आणि बाजूनं. बाजूचा फोटो तिनं पडद्यावर मोठा केला. मी माझा चेहरा बाजूनं कधी पाहिला नव्हता. आईचा मात्र जन्मभर बाजूनंच पाहिला होता, चुलीपाशी, तिच्या शेजारी बसून. पडद्यावर आई होती. मोठी, स्पष्ट, तोंड न झाकलेली.

डॉक्टरनं नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत एक रेघ ओढली. माझे ओठ रेघेच्या बाहेर होते.

"रेघंच्या आत आणा," मुलाची आई म्हणाली.

"तसं नसतं, काकू," डॉक्टर म्हणाली. "ही रेघ अंदाजासाठी असते. आपल्याकडच्या बऱ्याच लोकांचे ओठ थोडे बाहेरच असतात." मग ती माझ्याकडे वळून सांगू लागली. दोन वाटा आहेत. दात न काढता तार लावली तर दात सरळ होतील, चेहरा जवळपास आहे तसाच राहील. वरचे दोन, खालचे दोन काढले तर पुढचे दात मागे जातील आणि त्यांच्याबरोबर ओठही मागे जातील. किती जातील ते ओठांच्या जाडीवर असतं, ते नेमकं कुणी सांगू शकत नाही. "तुमचे ओठ सहज मिटतात. नाक मोठं आहे, हनुवटी जरा मागे आहे. ओठ फार आत गेले तर नाक जास्त दिसेल, तोंड बसकं वाटू शकेल. मला विचाराल तर दात काढायची गरज नाही."

"माझ्या पुतणीचं तुमीच काढलं ना?" मुलाची आई म्हणाली.

"तिचं वेगळं होतं. तिचे ओठ मिटत नव्हते. तिला गरज होती."

"मग हिचंबी तसंच करा. त्यात काय येगळं. दातच हायत."

डॉक्टरनं आण्णांकडे बघितलं. आण्णा म्हणाले, "करा." दारात मामा फोनवर बोलत उभे होते. फोन कानाला तसाच ठेवून ते आत डोकावले. "मॅडम, आपलं गाळ्याचंबी बोलणं राहिलंय बरं का. बसू एकदा." आणि पुन्हा फोनवर बोलू लागले.

डॉक्टरनं दाराकडे बघितलं. मग मला म्हणाली, "ताई, तुम्हाला काय हवंय?"

"तिला काय इचारायचं?" मुलाची आई म्हणाली. "आमी ठरवून आलोय."

मी तोंड उघडलं तोवर ठरलं होतं. बाकीच्यांना बाहेर बसवलं. मला खुर्चीत आडवं केलं. उजवी बाजू पहिली घ्यायची होती, म्हणून सुई तिथल्या वरच्या हिरडीत गेली, मग खाली, जबड्याच्या मागं. आधी आग झाली, मग थंड, मग काहीच नाही. "दहा मिनिटं थांबू," डॉक्टर म्हणाली आणि हात धुवायला गेली. तिचे खांदे पडलेले दिसले. मला तिची दया आली नाही.

मी एकटी होते. तोंडाची उजवी बाजू हळूहळू गेली. आधी ओठ, मग हनुवटी, मग अर्धी जीभ. मी बोटानं ओठ दाबला. बोटाला ओठ लागला, ओठाला बोट लागलं नाही. दुसऱ्या कुणाचा तरी ओठ माझ्या तोंडावर चिकटवल्यासारखा. तिथं मला चौकातला फ्लेक्स आठवला आणि मी ओठावरचं बोट काढलं. ही भीती नव्हती. मला सुईची भीती वाटत नाही. आई दवाखान्यात होती तेव्हा मी रोज सुया बघितल्या आहेत.

ट्रेमध्ये दांडीचा छोटा आरसा होता. तो मी उचलला. त्यात एका वेळी एकच दात दिसत होता. मी आरसा फिरवत राहिले. हा आईचा. हाही आईचा. हे दोन एकमेकांवर किंचित चढलेले, तेही तिचेच. आई जळून गेली होती. राख नदीत गेली होती. फोटोत तिचं तोंड नव्हतं. या जगात तिचं तोंड एका ठिकाणी उरलं होतं, आणि ते मोडायला मला इथं झोपवलं होतं. मोडायचं कशासाठी, तर मी त्यांच्या घरी नक्की येणार याची खात्री म्हणून.

मी उठले. गळ्याभोवतीचा कागद ओढून काढला. डॉक्टर परत आली तेव्हा मी उभी होते.

"मला नको," मी म्हटलं. शब्द नीट आले नाहीत. लाळ हनुवटीवर ओघळली, ती मला कळली नाही, डॉक्टरच्या नजरेवरून कळली.

तिनं हातमोजे काढले. "बरं," ती म्हणाली. "दोन तास काही खाऊ नका. बधिर तोंडानं गाल चावला जातो."

बाहेर बाकावर आण्णा, तात्या आणि मुलाची आई बसली होती. मी त्यांच्यासमोरून न थांबता जिना उतरले. मागं बाक सरकल्याचा आवाज आला. खाली गाडीला टेकून मामा उभे होते.

"झालं?" ते म्हणाले. "एवढ्या लवकर? कापूस कुठाय?"

मी हनुवटीवरची लाळ पुसली.

"काढलं का न्हाय? दाव."

मी बाजूनं जाऊ लागले. त्यांनी माझा जबडा धरला. डाव्या हातानं, घट्ट, गालाच्या दोन्ही बाजूंनी, आणि मला गाडीच्या दारावर दाबलं. उजव्या हाताचा अंगठा माझ्या ओठाच्या फटीत घातला. अगदी तसाच, जसा आण्णा घालायचे. ओठ वर केला. "हायत की समदं," ते म्हणाले. रस्त्यावरची माणसं बघत होती. जिन्यात आण्णा येऊन थांबले होते. त्यांनी ते पाहिलं. अंगठा कुठं आहे ते त्यांनी पाहिलं, आणि ते पायरीवरच उभे राहिले.

मी दात मिटले.

माझं अर्धं तोंड बधिर होतं. मी किती जोरानं चावते आहे हे मला कळत नव्हतं. कातडं लागलं नाही, हाड लागलं नाही, चव लागली ती डाव्या बाजूला, गरम आणि खारट. मला फक्त मामांचा चेहरा दिसत होता. तो आधी आश्चर्याचा होता, मग वेदनेचा, मग घाबरलेला. ते ओरडत होते. त्यांनी डाव्या हातानं माझ्या कानशिलावर मारलं. मी सोडलं नाही. पुन्हा मारलं. डोळ्यांपुढं अंधार आला, तरी जबडा तसाच राहिला, तो माझं ऐकत नव्हता आणि मला तो ऐकायला नको होता. मुलाची आई माझे केस ओढत होती. "सोड गं रांडं, सोड त्येला." तात्या माझ्या नाकावर बुक्की मारत होते, मेंढरू दावं सोडत नसलं की मारतात तशी.

सोडलं ते मी माझ्या मनानं. अंगठ्याचं नख उलटलं होतं आणि पेराखालचं मांस लोंबत होतं. मी थुंकले. त्यांच्या पांढऱ्या गाडीच्या दारावर थुंकले. मामा हात पोटाशी धरून खाली बसले होते आणि रडत होते. एवढा मोठा माणूस मी पहिल्यांदाच रडताना पाहिला.

आण्णांनी मला तिथंच मारलं. लाथेनं, मग चपलेनं. मी पडले, माझं डोकं फरशीच्या कडेवर आपटलं. ते मारताना काही बोलत नव्हते. हळदीच्या दिवशीही बोलले नव्हते. वरून डॉक्टर पळत आली आणि मध्ये उभी राहिली. "पोलिसांना बोलावीन," ती म्हणाली. हे तिला वर म्हणता आलं नव्हतं. खाली म्हणता आलं. त्याबद्दल मी तिचे आभार मानले नाहीत, पण ते मी विसरलेही नाही.

तक्रार कुणीच दिली नाही. मामांना द्यायची होती. पण द्यायची तर अंगठा माझ्या तोंडात काय करत होता, ते सांगावं लागलं असतं.

आण्णा-तात्यांबरोबर अंथुर्ण्याला पोचेपर्यंत बधिरपणा उतरला होता आणि सगळं दुखायला लागलं होतं. ओठ फाटला होता, गाल आतून सोलला होता, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. आण्णांनी दाराआडची काठी घेतली. मेंढरं होती तेव्हाची, आजोबांची काठी.

"माझं नाक कापलंस," ते म्हणाले.

त्यांनी काठी उचलली आणि मी ती धरली. वरची बाजू त्यांच्या हातात, खालची माझ्या. मी ओढली नाही आणि सोडलीही नाही. मी म्हटलं, "त्यानं माझ्या तोंडात अंगठा घातला तेव्हा तुम्ही पायरीवर उभे होतात. दात बघत होतात का, आण्णा? काय ठरलं? दोन दाती, का जुळलेली?"

ते माझ्याकडे बघत राहिले. तात्या दारातून म्हणाले, "बापाला असं बोलतीस व्हय?" मी म्हटलं, "व्हय." काठी आण्णांच्या हातातून सुटली. ती माझ्या हातात राहिली. मला ती त्यांच्या डोक्यात घालायची होती. हे मी खोटं लिहिणार नाही. हात वर गेलाही होता. मग मी ती गुडघ्यावर मोडली. दोनदा जोर लावावा लागला. तुकडे त्यांच्या पायाशी टाकले, पिशवीत कपडे भरले आणि इंदापूरच्या गाडीला जाऊन बसले. गाडीत लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड झाकलं नाही.

पुढचे काही आठवडे मी या विषयावर मिळेल ते वाचलं. माझं कामच पुस्तकांचं. दात काढले की चेहरा बिघडतोच, असं म्हणणारे भेटले. दात काढल्याशिवाय चेहरा सुधरत नाही, असं म्हणणारेही भेटले. दोघंही छातीठोक. मला त्या डॉक्टरचंच म्हणणं खरं वाटतं. काही चेहऱ्यांना काढावे लागतात, काहींना लागत नाहीत, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही चालतं, तिथं ज्याचा चेहरा त्यानं ठरवायचं असतं. हे शेवटचं तिनं मला एकदा विचारलं आणि मग बाजूला ठेवलं. आईला दातांचा इलाज मिळायला हवा होता. तिला तांब्या मिळाला. मला इलाजाची गरज नव्हती, तर तो सुपारीआधी पाठवला. बायकांच्या तोंडाचं काय करायचं हे आमच्याकडे असंच ठरतं.

आमच्या वाचनालयात येणारी एक कॉलेजची मुलगी तार लावून आली. चार दात काढलेत म्हणाली. दुखतंय, पण बरं वाटतंय. मी विचारलं, "कुणी सांगितलं काढायला?" ती म्हणाली, "मीच हट्ट केला. पप्पा नको म्हणत होते." मी तिला मऊ भाताची पेज प्यायला सांगितलं. ती हसली. तारेसकट हसली. मला ते बघवलं, एवढंच नाही, आवडलं.

गावात मला आता चावरी म्हणतात. तात्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं. हसत हसत सांगितलं आणि मग हळूच म्हणाली, "आमच्या हितल्या लई जणी म्हणत्यात, बरं केलं." तिचं नाव मी कुठं घेणार नाही. मामांचा अंगठा वाकडा राहिला आहे म्हणे. सही करता येते.

आईचं वर्ष सरलं. वर्षश्राद्धाला मला बोलावलं नाही. मी त्या दिवशी खोलीत स्वयंपाक केला, आईला आवडायचं ते खारं वांगं केलं आणि एकटी जेवले. जेवताना रडू आलं ते मी आवरलं नाही. मी अजून तिच्यासाठी रडते. त्याला वर्षाचं बंधन नाही.

लग्न मी करीन किंवा करणार नाही. तार लावीन किंवा लावणार नाही. ते मी ठरवीन, आणि ज्याला ते मान्य नसेल त्यानं माझ्या तोंडापर्यंत हात आणू नये. मी पुन्हा चावेन. बधिर नसताना चावेन.

इंदापुरात माझी एक खोली आहे. वाचनालयातलं काम आहे. बाप आहे, त्याच्याशी बोलणं नाही. आई नाही. बत्तीसच्या बत्तीस दात आहेत.